योबिसाकाचा चढ

"योबिसाका," बसमधली ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली. मी उठले, आई उठली, बाबा बसूनच राहिले.

"बाबा, उतरायचंय."

"आपला पत्ता मिदोरिगाओका. तूच लिहून दिलायस. हे भलतंच काहीतरी आलंय."

"तेच आहे हो. स्टॉपचं नाव जुनं राहिलंय."

"पत्ता एक आणि स्टॉप दुसराच? काय कारभार म्हणायचा हा!"

ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता. जपानी बस एका सबनिसांपायी अडकून पडली होती. आई पिशव्या सावरत हळूच म्हणाली, "अहो, उतरा की. लोक खोळंबलेत." तेव्हा कुठे बाबा उठले. उतरल्यावर त्यांनी स्टॉपचा खांब वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवरच्या बारक्या पाट्या मला वाचायला लावल्या. तिथेही योबिसाकाच होतं.

"नाव बदलायचं तर सगळीकडे बदलावं. अर्धवट काम पॅसेंजरला घातक."

बाबा म्हणजे मुकुंद हरी सबनीस, मुक्काम कुरुंदवाड. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी डेपो डोक्यातून गेला नव्हता आणि शिट्टी खिशातून. त्या शिट्टीने त्यांनी हयातभर गाड्या हलवल्या आणि घरी आईला हलवलं. दोन आखूड, एक लांब. ती वाजली की आई हातातलं टाकून उठायची. आई त्यांचं नाव घेत नसे, तिच्या पिढीच्या बायका घेत नाहीत तशी. पण बाबाही तिचं नाव कधी घेत नसत. लहानपणी मला त्या शिट्टीचं हसू यायचं, पुढे येईनासं झालं.

तरी माझा जीव होता त्यांच्यावर. मी जपानी शिकायचं म्हटल्यावर सगळ्या भावकीने वेड्यात काढलं, तेव्हा हाच माणूस दर रविवारी मला एसटीने कोल्हापूरला क्लासला घेऊन जायचा आणि क्लास सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. त्या बाकामुळे मी जपानला पोचले. नागोयापासून तासाभरावरच्या एका लहान गावात पंपांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करत होते आणि या स्टॉपजवळच्या चढाच्या पायथ्याशी भाड्याच्या घरात राहत होते. त्या शरदात आईबाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते.

शेजारी मोरीवाकी-सान राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, काटक. अंगणात पर्सिमनचं झाड, टोमॅटोएवढ्या केशरी फळांनी लगडलेलं. आईशी त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. एका दुपारी त्यांनी आम्हाला फळं खायला बोलावलं. गप्पांच्या ओघात मी सांगितलं, की आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घ्यायचं झालं तर यमक जुळवून घेतात. मोरीवाकी-सान हट्टालाच पेटल्या. आई लाजली, पदर सारखा केला आणि हातातल्या फळाकडे बघत म्हणाली,

"झाडावरच्या फळाला जपानात म्हणतात काकी,
मुकुंदरावांचं नाव घेतलं, आता काय राहिलं बाकी?"

मी टाळ्या वाजवल्या. अर्थ कळल्यावर मोरीवाकी-सानही तोंडावर हात धरून हसल्या. बाबा म्हणाले, "भाजीत मीठ कधी नीट पडलं नाही, यमकं मात्र बरोब्बर पडतात." आईचं हसू तिथेच मावळलं.

मग बाबांनी मोरीवाकी-सानना स्टॉपच्या नावाबद्दल छेडलं. योबि म्हणजे हाक मारून बोलावणं, साका म्हणजे चढ, एवढं मला ठाऊक होतं. पण कोण कोणाला बोलावत होतं?

"जुनी गोष्ट आहे. बसकंपनीने आळसापोटी पाटी बदलली नाही, एवढंच," असं म्हणून त्या सालं गोळा करायला लागल्या. बाबांचं समाधान झालं नाही. परत येताना ते चढाकडे बघत म्हणाले, "म्हातारी लपवतेय काहीतरी."

त्याच आठवड्यात सकाळी चहा घेताना बाबा कोसळले. हृदय बंद पडलं होतं. अॅम्ब्युलन्समधल्या माणसांनी ते चालू केलं, पण बाबा शुद्धीवर आले नाहीत. दरीच्या पलीकडच्या टेकडीवर इस्पितळ होतं. तिथे काचेआड ते नळ्यांमध्ये पडून होते आणि आई खुर्चीत बसून होती. एके दुपारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नातेवाइकांना कळवायचं असेल तर कळवा. मी आईला ते शब्दशः सांगितलं नाही. तिला कळलंच.

कपडे घ्यायला आम्ही घरी आलो तर मोरीवाकी-सान फाटकात उभ्या होत्या.

"सुमेधा-सान, हसणार नसाल तर एक सांगते. त्या दिवशी तुमच्या वडिलांनी विचारलं आणि मी टाळलं."

"सांगा ना."

"आमच्या लहानपणी कुणाचा जीव जायला लागला, की घरातलं जवळचं माणूस या चढाच्या माथ्यावर जायचं. दरीकडे तोंड करून हाक मारायचं, की परत ये. ती हाक पहिल्या घराने उचलायची, मग दुसऱ्याने, अशी खाली नदीपर्यंत पोचवायची. जीव नदी ओलांडायच्या आत हाक पोचली तर माणूस वळायचं. म्हणून योबिसाका. पुढे इथे प्लॉट पडले. असल्या नावाच्या जागी घर कोण घेणार? मग हिरवी टेकडी असं छानसं नाव ठेवलं, मिदोरिगाओका. माझा नवरा गेला तेव्हा नाव नुकतंच बदललं होतं. मला हाक मारायची होती. पण नवे शेजारी काय म्हणतील म्हणून लाजले." त्यांनी चढाकडे बोट केलं. "तुम्ही लाजू नका."

मी आईला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती उडवून लावेल. ती म्हणाली, "चल."

"एक लक्षात ठेवा," मोरीवाकी-सान वाटेत म्हणाल्या. "पूर्ण नाव घ्यायचं, आणि गावाचं नाव. वाटेत माणसं पुष्कळ असतात. आपण कोणाला बोलावतोय ते कळायला हवं."

माथ्यावर पोचलो तेव्हा गावच्या भोंग्यावर पाच वाजल्याची रोजची धून चालली होती. ती संपली आणि सगळं चिडीचूप झालं. समोर इस्पितळाच्या खिडक्या उजळलेल्या होत्या. आईने तोंड उघडलं. आवाज फुटेना. "आई, मुकुंद हरी सबनीस, कुरुंदवाड," मी पुटपुटले. तिने मान हलवली, श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडली,

"अहो! अहो, चला घरी!"

मोरीवाकी-साननी तीच हाक तशीच्या तशी उचलून खाली दिली, "अहोऽ". आणि मग खालून ती पुन्हा आली. कुणा बाईचा आवाज. त्याच्याही खालून पुरुषाचा, खरखरीत. मग आणखी खालून, आणखी. चढावरच्या सगळ्या नव्या घरांच्या खिडक्या बंद होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हाक मात्र नदीपर्यंत उतरत गेली.

मोरीवाकी-साननी माझं मनगट पकडलं. "नाव घेतलं का त्यांनी?"

मी उत्तर देणार तोच फोन वाजला. इस्पितळातून होता. बाबांनी डोळे उघडले होते.

आम्ही धावत गेलो. बाबा उशाला टेकून बसले होते, शांत. नर्स त्यांना वाकून विचारत होती, "सबनीस-सान? मुकुंद-सान?" त्यांचं लक्षच नव्हतं. आई दारातून "अहो" म्हणाली, तशी त्यांनी मान वळवली. तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि सावकाश मराठीत विचारलं,

"तुमचं नाव काय?"

आईला ते नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मी मध्ये बोलणार होते. पण ती पुढे झाली आणि म्हणाली, "वत्सला."

"वत्सला," ते म्हणाले. चव घेतल्यासारखं पुन्हा म्हणाले, "वत्सला."

डॉक्टरांचं म्हणणं, मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, त्यामुळे विस्मरण होतं, स्वभावही बदलतो. मला ते पटलं, किंवा पटवून घेतलं. बाबा घरी आले. बोलणं थोडं, पण मऊ. जेवण झालं की आपला पेला स्वतः विसळायचे. भाजी अळणी झाली तरी "छान झालीय, वत्सला" म्हणायचे. दारातले सगळ्यांचे चपलाबूट उचलून, जपानी घरांत ठेवतात तसे टोकं बाहेरच्या बाजूला करून ओळीने मांडायचे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिट्टी मी उशाशी ठेवली, तर त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. एकदा मी मागून मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "मुकुंद हरी सबनीस!" ते खिडकीबाहेर बघत राहिले. कोल्हापूरच्या बाकाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "मला आठवत नाही, बाळ," ते म्हणाले. बाबांनी मला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. मी मोरीत जाऊन रडले.

मोरीवाकी-साननी त्यांना कुंपणापलीकडून चपला मांडताना पाहिलं. त्यांच्या हातातली पाण्याची झारी वाकडी झाली आणि पाणी पायांवर सांडत राहिलं. त्या फाटक उघडून आत आल्या, बाबांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि अगदी हलक्या आवाजात आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "सेइजी-सान? योबिसाकाचे मोरीवाकी सेइजी?"

बाबांनी वळून पाहिलं नाही. हातातला जोडा पुसून त्यांनी ओळीत ठेवला.

"नाही. तो नव्हे," मोरीवाकी-सान म्हणाल्या. सुटल्यासारखं वाटलं त्यांना की मोडून पडल्यासारखं, मला सांगता येणार नाही. मग मला बाहेर घेऊन गेल्या. "नाव न घेता बोलावलंत तुम्ही. नाव बदलल्यापासून या चढावर कुणी कुणाला हाक मारलेली नाही. तितकी वर्षं किती जण खोळंबले असतील. घरी चला म्हटल्यावर त्यातला कोणीतरी आला."

"आणि माझे बाबा?"

"ते वाट बघत असतील. हाक आलीच नाही ना त्यांना."

"आता मारू या. मी मारते."

"जिने याला आणलं तिनेच मारायला हवी. नाव आणि गाव घेऊन. आणि हा इथे आहे तोवरच. मग हा जाईल, ते येतील."

मी आईपुढे हात जोडले. विमानाची तिकिटं दोन दिवसांवर आली होती. "आई, तू उखाण्यात घेतलंस ना नाव? उखाण्यात घे, पण घे. मला माझे बाबा पाहिजेत." आई निवडत असलेल्या भाजीकडे बघत राहिली. "उद्या जाते," ती म्हणाली. "एकटीच जाईन. तू यांच्यापाशी बस."

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती गेली. मी बंद खिडकीतून बघत होते. ती माथ्यावर दरीकडे तोंड करून उभी होती, हात जोडलेले. ती काहीतरी बोलतेय, हे एवढ्या दूरवरूनही मला कळलं. खोलीत बाबा पर्सिमन सोलत बसले होते. साल न तुटता उतरत होती. मी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिले, की आता बदलतील, आता ओरडतील, आता खिसे चाचपून शिट्टी मागतील.

"खा, बाळ," त्यांनी फोड पुढे केली.

आई परत आली. "मारली हाक," ती म्हणाली. "काही उपयोग झाला नाही. असू दे. डॉक्टर म्हणतात तेच खरं असेल." ती बाबांशेजारी टेकली आणि फोड खायला लागली. तेवढ्यात बाहेर कुठेतरी शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब. आई ताडकन अर्धी उठली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. मी धावत जाऊन कपाट उघडलं. बाबांची शिट्टी रुमालात बांधून बॅगेत ठेवली होती, तिथेच होती. मी मनाशी म्हटलं, शाळेच्या मैदानावर मुलांचा खेळ चालला असेल.

ते दोघं कुरुंदवाडला परतले. पुढची नऊ वर्षं आईचे फोन यायचे ते निराळ्याच बाईचे वाटायचे. आज नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो. आज ह्यांनी मला साडी निवडायला लावली, स्वतः गप्प बसले. आज मी मोठ्याने हसले तर शेजारीण डोकावून गेली. मी दरवर्षी जायचे. तो माणूस माझ्याशी चांगलाच वागायचा. मी त्याला बाबा म्हणायचे आणि दर वेळी जीभ अडखळायची.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी मिळेल त्या विमानाने आले. मोरीवाकी-सान तोवर गेल्या होत्या, पण 'हा इथे आहे तोवरच' हे त्यांचे शब्द माझ्या कानात होते. गावातले डॉक्टर नाडी बघून म्हणाले, "हाक मारून बघा. कधी कधी आवाज पोचतो." डॉक्टर निघून गेले. खोलीत आम्ही तिघंच. मी अंथरुणाशी वाकले. इथे योबिसाका नव्हता, हाकही खरं तर आईनेच मारायला हवी होती, पण माझ्या मनात आलं, आता तरी, आता शेवटचं तरी. मी तोंड उघडलं, "मुकुंद हरी..."

आईने माझ्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात, की दात ओठांत रुतले.

"नाव घेऊ नकोस," ती म्हणाली.

मी तिचा हात बाजूला केला. "अगं, हाक मारली तर निदान..."

"म्हणूनच नको. ऐकतील ते. येतील."

आई अंथरुणावरच्या हातावर आपला हात फिरवत होती.

"पहिल्या दिवशी खरंच तोंडातून नाव निघेना गं," ती म्हणाली. "भ्याले होते. सवयीने अहो निघालं. पण दुसऱ्या वेळी मला नाव घेता येत होतं."

"तू हाक मारलीस म्हणालीस."

"नाही मारली. मी तिथे उभी राहून त्यांना सांगितलं, तुम्ही आता तिथेच थांबा म्हणून." तिचा आवाज कापला नाही. "तुझे बाप होते ते, तुला हवे होते, कळत होतं मला. पण सुमेधा, मला त्या घरात कुणी नाव विचारलं नव्हतं गं. कधीच."

मला तिचा राग आला. नंतर मला तो बाक आठवला आणि बाकावर बसलेले बाबा आठवले, मग शिट्टी वाजली की ओले हात पदराला पुसत धावणारी आई आठवली. मी रडायला लागले ते कुणासाठी, मला ठाऊक नाही.

दिवेलागणीला त्याचा श्वास थांबला. आईने त्याचे डोळे मिटले, पांघरूण सारखं केलं.

"कोण होता बिचारा, कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, आठवत नाही, पण इथे बरं वाटतं." तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडे अजून शिट्टी ऐकू येते का गं?"

मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेल्या वर्षी बसकंपनीने अखेर पाटी बदलली, खांबांवरच्या पाट्याही उतरवल्या, आता योबिसाका हे नाव कुठेच राहिलेलं नाही. शाळा तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती.

"येते," मी म्हटलं. "पाचची धून संपली की."

आई उठली. दारात जाऊन तिने त्याच्या चपला उचलल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट मांडून ठेवल्या.

"वाजवू देत," ती म्हणाली.